चिठ्ठी ए विंगची निघाली

प्रिय ताई,
परळची आमची चाळ पाडून तिथे दोन विंगची इमारत उभी राहिली. आमची चिठ्ठी ए विंगची निघाली. बी विंगमधले लोक हेकट आणि अस्वच्छ आहेत; दारादारात चपलांचा ढीग असतो. लिफ्टच्या देखभालीचा एकत्र करार करावा, असा त्यांचा आग्रह होता. पैसे आमचेही वाचत होते, पण त्यांचे जास्त वाचत असल्यामुळे आम्ही तो सभेत हाणून पाडला. माझा मुलगा मात्र सतत तिकडच्याच मुलांत असतो. त्याला कसे आवरू?
– एक त्रस्त आई

ताई, चपलांचे नंतर पाहू. तुम्ही ओझरता उल्लेख करून पुढे गेलात त्या चिठ्ठीपाशी मी थांबले आहे. ती निघाली त्या दिवसापर्यंत हे ‘तिकडचे लोक’ तुमच्याच गॅलरीत राहत होते, पाण्यासाठी तुमच्याच रांगेत उभे राहत होते आणि चपला तेव्हा सगळ्यांच्याच दारात होत्या. दुसरी चिठ्ठी हाती आली असती, तर आज तुम्ही बी विंगमधून ए विंगच्या तोऱ्याबद्दल मला पत्र लिहिले असते आणि तेही इतक्याच खात्रीने.

हेन्री ताजफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ होते. नाझींच्या संहारात त्यांचे जवळजवळ सगळे कुटुंब मारले गेले, त्यामुळे माणूस माणसाला परका कसा मानू लागतो, हा त्यांच्यासाठी केवळ अभ्यासाचा विषय नव्हता. १९७० च्या सुमारास त्यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांचे दोन गट केले. पडद्यावरच्या ठिपक्यांचा अंदाज कोण कसा करतो यावरून हे गट पाडले आहेत, असे मुलांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात ते कसेही पाडलेले होते. गटांत भांडण नव्हते, कोण कोणाच्या गटात आहे हेही मुलांना ठाऊक नव्हते आणि स्वतःसाठी काहीच मागता येत नव्हते. तरीही पैसे वाटायची वेळ आली तेव्हा बहुतेकांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. त्याहून वाईट म्हणजे, अशाच पुढच्या प्रयोगात दुसऱ्या गटापेक्षा आपण वरचढ राहावे यासाठी आपल्याच गटाचे थोडे नुकसान सोसायलाही मुले तयार होती. तुमच्या सभेने लिफ्टच्या कराराचे नेमके हेच केले, आणि तुम्ही जाणत्या वयाच्या आहात.

ताजफेल आणि त्यांचे सहकारी जॉन टर्नर यांनी १९७९ मध्ये याचे कारण मांडले. माणूस स्वतःची किंमत काही अंशी आपल्या गटावरून ठरवतो, म्हणून आपला गट कोणापेक्षा तरी चांगला असावा लागतो. मग डोळेही पक्षपाती होतात. तुमच्या विंगमध्ये चपला दाराबाहेर असतील तर ‘घरात जागाच कुठे आहे’ आणि त्यांच्या दाराबाहेर असतील तर ‘त्यांना वळणच नाही’. उद्या सकाळी आपल्या मजल्यावरच्या चपला एकदा मोजून पाहा.

मुलाला आवरू नका. त्या घरात चिठ्ठीच्या आधीची माणसे ज्याला अजून दिसतात असा तो एकटाच आहे, आणि त्याचे मला फार कौतुक वाटते.

आवरायचे आहे ते तुम्हाला. एकत्र हळदीकुंकू करून हे मिटणार नाही. १९५४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे शिबिरातल्या मुलांच्या दोन गटांत आधी चुरस लावली आणि नंतर त्यांना एकत्र जेवायला बसवले, तेव्हा त्यांनी एकमेकांवर अन्न फेकले. पाणीपुरवठा बंद पडल्यावर बिघाड मिळून शोधावा लागला, बंद पडलेला ट्रक मिळून ओढावा लागला, तशी ती मुले हळूहळू जवळ आली. तुमच्यासमोर असे मिळून करायचे काम आयते आले होते आणि तुम्ही ते परत पाठवलेत.

म्हणून पुढच्या सर्वसाधारण सभेत लिफ्टच्या एकत्र कराराचा ठराव तुम्ही स्वतः मांडा. अनुमोदनासाठी चाळीतल्या तुमच्या जुन्या शेजारणीकडे बी विंगमध्ये जा आणि तिला तिच्या नावाने हाक मारा. सभेआधी दोघींनी मिळून कंपनीकडून नवे दरपत्रक आणा, कारण जुन्याची मुदत एव्हाना संपली असेल.