ख्रिस्ती दांपत्याला परदेशात मिशनरी म्हणून जायचे असल्यास तयारी कशी करावी?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय २९ आहे, लग्नाला दोन वर्षे झाली आहेत, आफ्रिकेत सेवेला जाण्याचे पाचारण, म्हणजे देवाची हाक, तुम्हाला झाले आहे, आणि "पत्नी सध्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, ती नोकरी सोडेल, तिची तयारी हळूहळू होईलच." शिक्षण कोणते लागते, संस्था कशी निवडावी आणि किती काळ लागतो, एवढेच तुम्हाला विचारायचे होते. त्याबद्दल लिहितेच, पण तुमच्या त्या शेवटच्या वाक्यापाशी मी अडले, कारण १९९८ साली माझ्या यजमानांनी भरलेल्या अर्जात माझ्याविषयी जवळजवळ हेच वाक्य होते. आम्ही मूळचे नगरचे. १९९९ ते २००७ अशी आठ वर्षे आम्ही आफ्रिकेतल्या मलावी देशात होतो; यजमान पाळक (मंडळीचे धर्मगुरू) म्हणून गेले आणि मी, कागदोपत्री, त्यांच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून.

आधी तुमचे प्रश्न. बी.डी. किंवा बी.टीएच. ही ईश्वरविज्ञानाची पदवी असल्याशिवाय कोणी घेत नाही, हा समज जुना आहे. मलावीत बहुसंख्य लोक ख्रिस्तीच आहेत. स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी तिथल्या सरोवराकाठी पहिले ठाणे १८७५ मध्ये मांडले, तेव्हा तुम्ही सुवार्ता घेऊन जाणारे पहिले असाल हा विचार मनातून काढून टाका. तिथल्या मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, स्वतःचे पाळक आहेत आणि ते आपल्यापेक्षा चांगला उपदेश करतात. त्यांना हवे असतात ते शिक्षक, परिचारिका, हिशेबनीस, पंप दुरुस्त करणारे आणि, तुम्हाला कदाचित आश्चर्य वाटेल, लॅब टेक्निशियन. मलेरियाच्या हंगामात रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी मोजणारा माणूस ज्या रुग्णालयात असतो, तिथे निम्मा अंदाजपंचे कारभार थांबतो. तुमच्या घरात ज्या व्यक्तीची तिथे खरी गरज आहे, तिची नोकरी तुम्ही सोडायला लावत आहात.

काळ म्हणाल तर अर्जापासून विमानापर्यंत आमची पावणेदोन वर्षे गेली. त्यात मुलाखती, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी आणि आपल्या मंडळ्यांकडून मासिक आधाराची वचने गोळा करणे हे सारे आले. वचने जमवण्याचे काम सर्वांत जड असते, कारण कापणीच्या सणाला सढळ हाताने देणारी माणसेही दरमहा देण्याची गोष्ट निघाली की घड्याळाकडे पाहू लागतात.

आता ज्या मुलाखतीमुळे मी हे लिहायला बसले, तिच्याविषयी. लांब टेबलामागे सहा पुरुष बसले होते. यजमानांची खुर्ची टेबलासमोर होती आणि माझी भिंतीलगत, पंख्याखाली. मांडीवर तीन वर्षांची मुलगी. यजमानांना पावणेदोन तास प्रश्न विचारले गेले: पाचारण केव्हा झाले, कोणत्या वचनातून झाले, वडीलजनांची संमती आहे का, एकांतवास सोसेल का. मग एक वयस्क सभासद माझ्याकडे वळले आणि हसून म्हणाले, "बाई, तिकडे ज्वारीची भाकरी मिळणार नाही हं. चालेल ना?" सगळे हसले आणि मीही हसले. माझी मुलाखत तिथे संपली. तोवर मी जनरल नर्सिंग आणि मिडवायफरीचा अभ्यासक्रम पूर्ण करून प्रसूती वॉर्डात आठ वर्षे काढली होती, आणि अकरा पानी अर्जात ही गोष्ट लिहायला एक ओळसुद्धा नव्हती; पत्नीसाठी असलेल्या अर्ध्या पानात नाव, वय, प्रकृती आणि मुलांची संख्या एवढेच रकाने होते.

घरी आल्यावर मी सासऱ्यांपाशी तक्रार केली. ते स्वतः पाळक होते, चाळीस वर्षे खेड्यापाड्यांतून सायकलवर फिरलेले, आणि मला त्यांच्याविषयी आदर होता. ते म्हणाले, "सूनबाई, हाक अब्राहामाला आली होती. साराला कोणी विचारले होते?" बायबलमधल्या अब्राहामाला देवाने घर सोडून परक्या देशी जायला सांगितले, आणि त्याची बायको सारा त्याच्याबरोबर गेली, ती ही गोष्ट. मला उत्तर सुचले नाही. माझे प्रमाणपत्र आणि नोंदणीचे कागद सासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली ठेवले, आणि आम्ही नैरोबीमार्गे मलावीची राजधानी लिलाँग्वेला गेलो.

आमचे घर डेडझा जिल्ह्यातल्या एका मिशन रुग्णालयाच्या आवारात होते. यजमानांना तिथली चिचेवा भाषा शिकवण्यासाठी सहा महिने शिक्षक येत असत. माझ्यासाठी त्या शिक्षकाचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला नव्हता, म्हणून मी हापशावर पाणी भरणाऱ्या बायकांकडून भाषा शिकले. त्यांनी मला मक्याच्या पिठाची न्सिमा घोटायला शिकवली. आपल्या उकडीसारखीच, फक्त इतकी घट्ट की उलथणे उभे राहावे. सरोवरातली उसिपा नावाची चिमुकली वाळवलेली मासळी पहिल्यांदा परतली, तेव्हा सुकटीच्या वासाने मला रडू आले. (यजमान पुढे आठही वर्षे दुभाषा घेऊन उपदेश करत राहिले, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.) बायका मला 'मायी बुसा' म्हणत. आबुसा म्हणजे पाळक आणि मायी बुसा म्हणजे पाळकीणबाई. हा शब्द इकडेही माझी पाठ सोडत नव्हता आणि तिकडेही सोडेना.

पहिल्या पावसाळ्यात, जानेवारीतल्या एका रात्री, रुग्णालयातल्या नातेवाइकांच्या निवाऱ्यातून एक म्हातारी आमच्या दारी आली. तिथे रुग्णाबरोबर आलेले घरचे लोक त्या निवाऱ्यात राहतात, चुली मांडतात आणि आपल्या माणसासाठी रांधतात. तिची सून बाळंत झाली होती, वारही पडली होती, पण रक्त थांबत नव्हते. दोन वॉर्डांना मिळून एकच नर्स होती, वीज गेलेली होती, आणि डॉक्टर लिलाँग्वेहून परतायचे होते. मी गेले. कंदील एका खिळ्याला अडकवला आणि त्या मुलीच्या पोटावर हात ठेवला. गर्भाशय भिजलेल्या कणकेसारखे सैल लागत होते. नर्सने ऑक्सिटोसिन भरले, सलाइन लावले, आणि मी तळहाताने गर्भाशय चोळत राहिले. काही वेळाने ते हाताखाली चेंडूसारखे घट्ट झाले. ती मुलगी वाचली. पहाटे म्हातारीने माझ्या हातावर दोन अंडी ठेवली. तो उपासमारीचा हंगाम होता आणि त्या दिवसांत दोन अंडी म्हणजे काय, हे मला पुढे २००१-०२ च्या दुष्काळात नीट कळले.

दोन आठवड्यांनी आमच्या संस्थेचे पत्र आले: नोंदणी आणि कामाचा परवाना नसताना आपल्या पत्नीने रुग्णावर उपचार केले, असे पुन्हा घडू नये. सही करणाऱ्याचे म्हणणे कायद्याने अगदी बरोबर होते, आणि तीच गोष्ट मला आजही सलते. परवान्यावर मी 'आश्रित' होते. परिचारिका म्हणून काम करायचे तर मलावीच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी हवी, त्यासाठी आपल्याकडच्या कौन्सिलने पडताळणीचा दाखला थेट तिकडे पाठवायला हवा, आणि त्यासाठी लागणारे मूळ कागद नगरला शालूखाली पडलेले. त्या पत्रापासून कामाचा परवाना हाती येईपर्यंत १४ महिने गेले. ते १४ महिने मी रुग्णालयाच्या कुंपणापलीकडे राहून मुलीला बाराखडी शिकवत होते आणि आतून येणारे आवाज ऐकत होते. हे सगळे काम निघण्यापूर्वी एका अर्जात आणि थोड्या टपालखर्चात झाले असते, पण मला कोणी विचारलेच नाही.

तुम्ही इतिहास वाचला असेलच, पण तो या नजरेने वाचा. इंग्लंडहून बंगालमध्ये आलेले मिशनरी विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये सेरामपूरला मराठीचे व्याकरण छापले, म्हणून आपण त्यांचे नाव कृतज्ञतेने घेतो. त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी १७९३ मध्ये आधी जाण्यास नकार दिला होता. प्रवास लांबला, कॅरी पुन्हा त्यांना न्यायला आले, आणि काही तासांत डोरोथींचे मन वळवण्यात आले, आणि त्या तान्ह्या बाळाला घेऊन निघाल्या. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला. डोरोथी यांचे मानसिक संतुलन बिघडले ते १८०७ मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत सावरले नाही. हे व्याकरण निघाले तेव्हा ती बाई त्याच घरात होती.

याउलट अमेरिकेची ॲन जडसन पाहा. मिशनरी म्हणून निघालेल्या ॲडोनायरम जडसन यांनी लग्नाआधी तिच्या वडिलांना पत्र लिहून उघड विचारले होते की मुलीचे तोंड या जगात पुन्हा दिसणार नाही, हे तुम्हाला मान्य आहे का. वडिलांनी निर्णय मुलीवर सोपवला, आणि तिने विचार करून होकार दिला. फेब्रुवारी १८१२ मध्ये विवाह झाला आणि दोन आठवड्यांच्या आत ती दोघे जहाजावर होती. ब्रह्मदेशात ती भाषा शिकली, तिने भाषांतरे केली, आणि युद्धकाळात नवरा तुरुंगात पडला तेव्हा अन्न पोचवून आणि अधिकाऱ्यांच्या विनवण्या करून तिनेच त्याला जगवले. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला आले आणि त्यातून पुढे आमचे नगरचे मिशन उभे राहिले. तेव्हा हा इतिहास माझ्या सासऱ्यांनाही पाठ होता. त्यांनी त्यातून फक्त पुरुषांची नावे लक्षात ठेवली होती.

बाईला स्वतंत्र पाचारण नसते, असे म्हणणाऱ्याला नगरमध्ये तर तोंड उघडायला जागाच नाही. सिंथिया फॅरार १८२७ मध्ये अविवाहित असताना अमेरिकेहून मुंबईला आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली होती. त्यांना कोणत्या अब्राहामाच्या मागून हाक आली होती? आणि नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तरी लक्ष्मीबाईंनी स्वतःची पाच वर्षे घेतली, हेही नगर जिल्ह्यातल्या कोणाला सांगावे लागत नाही.

सासऱ्यांना द्यायचे उत्तर मला मलावीत, त्या १४ महिन्यांत सापडले. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात तीन पाहुणे अब्राहामाच्या तंबूपाशी येतात, जेवतात, आणि जेवणानंतर पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की तुझी बायको सारा कुठे आहे. म्हणजे तिची चौकशी झाली होती. तसेच 'तू जाशील तिकडे मी येईन' हे रूथचे वचन लग्नात नवरीला ऐकवतात, पण रूथ ते नवऱ्याला नव्हे, सासूला म्हणाली होती. मी हे सगळे पत्रात लिहून सासऱ्यांना पाठवले. त्यांनी उत्तरात पावसापाण्याची चौकशी केली, नातीला आशीर्वाद दिले आणि शेवटी लिहिले की घर सांभाळणे हीही सेवाच आहे. २००३ मध्ये ते गेले, तेव्हा मी वॉर्डात रात्रपाळीवर होते.

काही गोष्टी मात्र न्यायाने सांगायला हव्यात. सगळ्या संस्था तशा नसतात. आज अनेक ठिकाणी पती-पत्नी दोघांची स्वतंत्र मुलाखत होते, आणि जिथे होत नाही तिथे तुम्ही जाऊ नये, एवढाच संस्था निवडण्याचा माझा निकष आहे. माझे यजमान वाईट नव्हते. त्या मुलाखतीत ते माझ्या बाजूने बोलले नाहीत, पण मीही बोलले नाही, आणि ट्रंकेचे झाकण मीच लावले होते. २००४ मध्ये तिथे एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली आणि मरायला आणलेली माणसे चालत घरी जाऊ लागली, ते पाहायला मी वॉर्डात होते. ती वर्षे मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. म्हणून जाऊ नका असे मी म्हणत नाही. आणखी एक, देश ठरवण्यापूर्वी तिथला कायदा वाचा: नेपाळसारख्या शेजारच्या देशातही २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत धर्मांतर घडवण्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे, तेव्हा अर्जात आपल्या कामाविषयी जे लिहाल ते खरे लिहा.

आता तुम्ही एवढेच करा. हा प्रश्न पत्नीला वाचायला द्या आणि तिचे उत्तर तिला वेगळ्या कागदावर लिहू द्या, तुम्ही खोलीत नसताना. ते उत्तर 'नाही' असेल तर तुमचे पाचारणही थांबेल, आणि थांबले म्हणून देवाचे काही अडणार नाही. 'हो' असेल तर तिची पदविका, अनुभवाचे दाखले आणि नोंदणी यांची पडताळणी तुमच्या अर्जाबरोबरच सुरू करा, आणि तिच्यासाठी भाषाशिक्षकाचा खर्च लेखी मागून घ्या. लॅबमधल्या नोकरीचा राजीनामा तिनेच लिहावा, आणि तोही तिच्या नावाचा कामाचा परवाना हाती आल्यावर.