वाचक विचारतात: राजा आहे तर कमरेला टॉवेल कशाला?

गेल्या वेळी पवित्र गुरुवारच्या (ईस्टरच्या आधीचा गुरुवार, येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण) पाय धुण्याच्या विधीवर मी चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. अर्ध्याहून जास्त लोकांचा घोळ एकच आहे, ख्रिस्ताला राजांचा राजा म्हणायचं आणि त्यालाच नोकराचं काम करताना दाखवायचं हे एका वाक्यात बसतं कसं. त्यातले पाच प्रश्न घेतलेत. दोघांनी नाव छापू नका म्हणून लिहिलं होतं, मग सगळ्यांचीच नावं काढून टाकली.

प्रश्न: "माझा कॉलेजमधला मित्र म्हणतो की येशूने शिष्यांचे पाय धुणं म्हणजे इलेक्शनच्या आधी पुढारी झाडू घेऊन फोटो काढतात तसलाच प्रकार. मला पटलं नाही पण उत्तरही सुचलं नाही. काय सांगू त्याला?"

मित्र हुशार आहे तुझा, त्याला उडवून लावू नकोस. पुढारी झाडू हातात घेतो तो खुर्ची मिळावी म्हणून, बरोबर? आता योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एक, बाकीची मत्तय, मार्क आणि लूक यांची) तेरावा अध्याय उघड आणि टॉवेलच्या आधीचं वाक्य वाच. तिथे लिहिलंय की पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय हे येशूला माहीत होतं, आणि लगेच पुढे, तो जेवणावरून उठला, अंगावरची वस्त्रं काढून ठेवली, रुमाल कमरेला बांधला. म्हणजे खुर्ची आधीच त्याची होती, त्यासाठी काही कमवायचं उरलेलंच नव्हतं. बघणारी गर्दी नाही, बंद खोली, आणि समोर जे बसलेत त्यातला एक जण त्याच रात्री त्याला पकडून देणार, हेही त्याला ठाऊक. त्या माणसाचे, म्हणजे यहूदाचे, पाय वगळले असं कुठेही लिहिलेलं नाही. आपल्याला पाडायला निघालेल्या माणसाचे पाय धुणारा एक पुढारी दाखव म्हणावं.

अजून एक गोष्ट, जी प्रवचनात बऱ्याचदा राहून जाते. पाय धुऊन झाल्यावर येशू परत कपडे घालून जागेवर बसला आणि म्हणाला की तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, मी आहेच तो. 'अहो मी कसला मोठा, मी तर साधा माणूस' असलं काही नाही. नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखत बसणं नव्हे, ते आपण उगाच चिकटवलंय. तो प्रभूच राहिला, फक्त प्रभूचे हात कुठे असतात ते त्याने दाखवलं.

आणि हे का दाखवावं लागलं तर शिष्यांच्या डोक्यात वेगळाच राजा होता म्हणून. याकोब आणि योहान हे दोघे भाऊ तर आधीच नंबर लावून आले होते, तुझ्या राज्यात एकाला उजवीकडे बसव आणि एकाला डावीकडे (मत्तयात तर त्यांच्या आईलाच पुढे केलंय, ओळखीचं वाटतं ना). बाकीचे दहा चिडले, आणि मला तरी वाटतं ते काही तत्त्वाने चिडले नव्हते, आपला नंबर गेला म्हणून चिडले. तेव्हा येशू म्हणाला की परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नको, ज्याला पहिलं व्हायचंय त्याने सगळ्यांचा दास व्हावं, मनुष्याचा पुत्रसुद्धा (म्हणजे तो स्वतः) सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला आलाय. पुढे मार्क पंधराव्या अध्यायात सांगतो की वधस्तंभावर त्याच्या उजवीकडे आणि डावीकडे कोण होते. दोन लुटारू. ज्या दोन जागांसाठी भांडण झालं त्या अशा भरल्या.

लूक तर सांगतो की आमच्यात मोठा कोण हा वाद शेवटच्या भोजनाच्या टेबलावरच झाला. तिथे येशू टोमणा मारतो की सत्ता चालवणारे स्वतःला उपकारकर्ते म्हणवून घेतात. हा टोमणा हवेतला नाही. इजिप्तच्या तिसऱ्या टॉलेमीची पदवीच ती होती, युएर्गेटीस, उपकारकर्ता, आणि आठव्या टॉलेमीनेही तीच लावली. लोकांकडूनच गोळा केलेल्यातलं थोडं परत द्यायचं आणि वर उपकारकर्ता म्हणवून घ्यायचं.

बरं, ही काही नवीन करारात अचानक आलेली आयडिया नाही. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजासाठी नियम दिलेत, फार घोडे ठेवू नये, फार बायका करू नये, सोनं-चांदी साठवू नये, नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि रोज वाचावी, का तर आपल्या भावांपुढे त्याचं मन चढू नये. प्रजा नाही म्हटलंय, भाऊ म्हटलंय. इस्राएलाचा राजा शलमोन याने यातले घोड्यांचा, बायकांचा आणि सोन्या-चांदीचा असे तिन्ही नियम मोडले ते सोडा. त्याचा मुलगा रहबाम गादीवर बसला तेव्हा लोक म्हणाले की तुझ्या बापाने आमच्यावर टाकलेलं जू जरा हलकं कर. म्हाताऱ्या सल्लागारांनी सांगितलं की आज तू यांचा सेवक झालास तर हे कायमचे तुझे सेवक होतील. बरोबरीच्या पोरांनी सांगितलं की त्यांना म्हण माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे. त्याने पोरांचं ऐकलं. इस्राएलाच्या बारा वंशांपैकी दहा फुटून गेले, वेठबिगारीवरचा अधिकारी पाठवला तर लोकांनी त्याला दगडमार करून ठार केला, आणि राजेसाहेब रथात उडी मारून यरुशलेमेला पळाले.

मित्राला एवढं सांग. पटलं नाही तर परत लिही.

प्रश्न: "ख्रिस्ती राजे खरंच गरिबांचे पाय धुवायचे का? आणि धुवायचे तर मग इतकं रक्त का सांडलं त्यांनी?"

धुवायचे. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्स योझेफ दर पवित्र गुरुवारी राजवाड्यात बारा म्हाताऱ्यांचे पाय धुवायचा. इंग्लंडच्या राजा-राण्यांचीही प्रथा होती, आता पाय धुणं बंद झालंय, राजाचं जितकं वय तितक्या पुरुषांना आणि तितक्याच बायकांना खास नाणी देतात. पण मजा बघा, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या वेळी तिने हात लावायच्या आधी ते पाय धोबीखान्यातली माणसं आणि मग दानधर्म खात्याचे अधिकारी असे आधीच धुऊन काढायचे! हसू नका, मी स्वतः एकदा पाय धुऊन घ्यायला चर्चमध्ये मांडलेल्या बारा खुर्च्यांपैकी एकीवर बसलोय आणि घरून दगडाने टाचा घासून, नखं कापून गेलो होतो. घाणेरडे पाय कोणालाच दाखवायचे नसतात, हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटच्या पत्रात परत येतोय.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. फ्रान्सचा नववा लुई घ्या, ज्याला १२९७ साली संत जाहीर केलं. त्याने जॉइनव्हिल नावाच्या आपल्या सरदाराला विचारलं, गुरुवारी गरिबांचे पाय धुतोस का? तो म्हणाला छे, असल्या खेडवळांचे पाय मी कधी धुणार नाही. राजाने त्याला सुनावलं की देवाने जे करून दाखवलं त्याची तुला लाज वाटू नये. छान. पण याच राजाच्या काळात १२४२ च्या सुमारास पॅरिसमध्ये ज्यूंचे तालमूद ग्रंथ गाड्या भरभरून जाळले, आणि १२६९ मध्ये ज्यूंनी कपड्यांवर खूण लावून फिरावं असा हुकूम त्यानेच काढला. म्हणजे ज्यांचे पाय धुवायला तयार त्यांची लिस्ट त्याने स्वतःच ठरवली होती. टेबलावर यहूदा होता ते तो विसरला, असं माझं मत.

तरी त्याच्या खात्यात एक गोष्ट आहे जी मला पाय धुण्यापेक्षा मोठी वाटते. १२४७ मध्ये क्रूसयुद्धावर जायच्या आधी त्याने राज्यभर तपासणीसांना पाठवलं, त्यात बरेच भिक्षू होते, आणि त्यांचं काम एकच, राजाच्या अधिकाऱ्यांनी कोणाला लुबाडलं, कोणाची जमीन हडपली त्या तक्रारी लोकांकडून ऐकून घ्यायच्या आणि नुकसान भरून द्यायचं. स्वतःच्याच माणसांविरुद्ध तक्रार ऐकायला माणसं पाठवणारा राजा! वर्षातून एक दिवस बेसिन धरण्यापेक्षा हे कितीतरी अवघड, कारण यात राजाचेच पैसे जातात आणि राजाचीच चूक निघते.

६ मे २०२३ ला तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकात एका लहान मुलाने त्याचं स्वागत केलं आणि राजा उत्तरला की मी सेवा करून घ्यायला नाही तर करायला आलोय, थेट मार्काचं दहाव्या अध्यायातलं वाक्य. वाक्य बरोबर आहे. बाकीचं लोकांनी बघायचं.

प्रश्न: "आमच्या मंडळीच्या महिला ग्रुपचा हिशोब मी दोनदा मागितला. दोन्ही वेळा मला सांगितलं गेलं की तू नम्र हो, ख्रिस्तही सेवक होता, प्रश्न विचारणं हा गर्व आहे. मी खरंच चुकते आहे का?"

नाही ताई, अजिबात नाही. पत्र वाचून मला राग आला, खरं सांगतो.

वचन कोणाला सांगितलं होतं ते बघा ना. 'सगळ्यांचा दास हो' हे येशू उजव्या-डाव्या खुर्च्या मागणाऱ्यांना सांगतोय. वाटेत ओरडणाऱ्या आंधळ्या बार्तीमयाला नाही सांगितलं. लोक त्याला गप्प बस म्हणत होते, येशू थांबला आणि त्यालाच विचारलं, मी तुझ्यासाठी काय करू? हे दोन प्रसंग मार्कात अगदी लागून आहेत, आधी खुर्चीवाले मग बार्तीमय. सेवकपणाची आज्ञा वरून खाली येते. ज्याच्या हातात चावी आहे त्याने ती दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप म्हणून लावायची नसते.

आणि गप्प बसणं म्हणजेच नम्रता असेल तर येशूच नापास होईल. महायाजकापुढे शिपायाने त्याला थोबाडीत मारली तेव्हा तो म्हणाला, मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मारतोस का? प्रेषित पौलाला फिलिप्पै शहरात खटल्याशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडायला निघाले, तर हा म्हणतो मी रोमन नागरिक आहे, ज्यांनी टाकलं त्यांनी स्वतः येऊन बाहेर काढावं. आले, माफी मागून घेऊन गेले. याच पौलाने पुढे त्याच फिलिप्पैकरांना लिहिलं की ख्रिस्ताने स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं. एकाच माणसाकडून दोन्ही.

हिशोब लेखी मागा, एकट्या जाऊ नका, दोघीतिघी मिळून जा. पैसे अनेकांचे आहेत म्हणून तर पौलही करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की दान नेताना आम्ही सोबत दुसरी माणसं घेतो, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको. ते पत्र (दुसरं करिंथ, अध्याय आठ) हवं तर मीटिंगमध्येच वाचून दाखवा.

प्रश्न: "येशू यरुशलेमेत गाढवावर बसून आला कारण तो गरीब होता, असं आमचे सर म्हणाले. बरोबर आहे का?"

अर्धं बरोबर. गाढव उसनं आणलेलं होतं हे खरं, पण ते फक्त गरिबीचं चिन्ह नव्हे. शलमोनाला राज्याभिषेकासाठी गीहोन झऱ्यापाशी नेलं ते दावीदाच्या खेचरावर बसवूनच. आणि जखऱ्या संदेष्टा म्हणतो की तुझा राजा लीन होऊन गाढवावर बसून येतोय, पण तिथेच वाचन थांबवू नका, पुढच्याच वचनात तो रथ आणि लढाईचे घोडे काढून टाकतो, धनुष्य मोडतो. म्हणजे राजाच आलाय, पण युद्धाची गाडी घरी ठेवून. सरांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न: "मी चाळीस वर्षं पाळक होतो. किती घरी गेलो, किती आजाऱ्यांची सेवा केली. आता पक्षाघाताने एक बाजू गेली आहे, सून मला आंघोळ घालते, पाय पुसते. ती कधी कुरकुर करत नाही पण मला लाज वाटते. सेवा करणाऱ्यानेच सेवा घ्यायची, हे देवाच्या योजनेत कसं बसतं?"

पास्टर काका, तुम्हाला मी काय वचन सांगणार, तुम्ही माझ्यापेक्षा शंभरदा जास्त वेळा त्यावर बोलला असाल. पण त्या रात्रीच्या पेत्राकडे, त्या शिष्याकडे, जरा बघा ना. येशू भांडं घेऊन त्याच्यापर्यंत आला आणि पेत्र म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र वाटतं! पण येशू म्हणाला, मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. मग काय, पेत्र तो पेत्रच, म्हणतो नुसते पाय नको, हात आणि डोकंपण धुवा.

मला नेहमी वाटतं की त्या खोलीत सगळ्यात जास्त अवघडलेला पेत्रच होता, कारण त्याला वाटत होतं की द्यायचं काम आपलं. तुमचंही तेच झालंय का? चाळीस वर्षं तुम्ही वाकलात आणि लोकांनी तुम्हाला वाकू दिलं, त्या आजाऱ्यांनाही लाज वाटली असेलच की, पाळकसाहेब आपल्या उशापाशी बसलेत, आपल्या अंगाला वास येतोय. तरी त्यांनी दार उघडलं. मी मघाशी सांगितलं ना, टाचा घासून गेलो होतो म्हणून, ती माझी नम्रता नव्हती, मला कोणाचंच काही घ्यायचं नव्हतं.

सून कुरकुर करत नाही म्हणता तर एक करा. ती पाणी घेऊन आली की 'राहू दे गं, कशाला त्रास' असं म्हणू नका, आणि तोंड भिंतीकडे फिरवू नका. तिच्याकडे बघा, दिवस कसा गेला ते विचारा. एक बाजू गेली असेल, बोलता तर येतंय ना.