पोलंडमधल्या क्राकोवला पहिल्यांदा जाताय ना?

ऑश्विट्झ (नाझींची मृत्युछावणी, आता संग्रहालय) आणि व्येलिच्काची मिठाची खाण एकाच दिवसात उरकू नका, नवखे हमखास इथेच चुकतात. दोन दिवस ठेवा.

ऑश्विट्झचं बुकिंग नावानिशी होतं, पासपोर्ट हवाच. बॅग छोटी न्या. मुख्य छावणी पाहून परतू नका. तिचाच भाग असलेलं जवळचं बिर्केनाऊ बघाच. सुमारे ११ लाख माणसं या दोन्ही ठिकाणी मिळून मारली गेली. मुख्य छावणीत बळींच्या कापलेल्या केसांचा ढीग आहे त्या खोलीत फोटोला मनाई आहे. तिथे शांत उभे राहा. त्या संध्याकाळी दुसरा कार्यक्रम ठेवूच नका, मन लागत नाही.

खाणीत:
- सुरुवातीलाच सुमारे ३८० पायऱ्या उतरायच्या; गुडघ्यांचा विचार करा. वर यायला लिफ्ट आहे.
- आत १७-१८ अंश, उन्हाळ्यातही स्वेटर घ्या.

खाणीतल्या संत किंगाच्या चॅपेलमध्ये मान वर करून बघा, झुंबरंसुद्धा मिठाची आहेत!