ब्रेकचं काम आणि न सुटणारे बोल्ट : वाचकांचे प्रश्न

ब्रेक पॅड बदलणं अवघड नाही. अवघड असतं पॅडपर्यंत पोचणं. घरी काम करणारे बहुतेक जण कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) बोल्टपाशीच अडतात, आणि मग तेच चार-पाच प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून ही एकत्रित उत्तरं. आकडे साधारण प्रवासी गाडीचे आहेत. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

प्रश्न : कॅलिपर ब्रॅकेटचे (कॅलिपर धरून ठेवणाऱ्या चौकटीचे) दोन्ही बोल्ट हलत नाहीत. गंजही फारसा दिसत नाही. सगळं वजन टाकून झालं. काय चुकतंय?

आधी दिशा तपासा. या बोल्टचं डोकं चाकाच्या आतल्या अंगाला असतं. तुम्ही बाहेरून वाकून पाना लावता, तेव्हा उलट-सुलट बदलतं आणि सोडवायच्या नादात बोल्ट आवळला जातो. मनातल्या मनात बोल्टच्या डोक्यासमोर जा आणि तिथून घड्याळाच्या उलट फिरवा.

दिशा बरोबर असेल तर दोष हत्याराचा. हे बोल्ट साधारण ८५ ते १३० न्यूटन-मीटरला (हे पिळाच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) आवळलेले असतात आणि अनेक गाड्यांत आट्यांवर कारखान्यातूनच लॉकिंगचा लेप येतो. वीस सेंटीमीटरच्या पान्यावर तीस किलोचा जोर दिला तरी जेमतेम ६० न्यूटन-मीटर मिळतात. तोच जोर साठ सेंटीमीटरच्या दांड्यावर दिला तर १८० च्या आसपास. म्हणजे ताकद नाही, लांबी कमी पडते आहे. अर्धा इंच ड्राइव्हचा ब्रेकर बार आणि सहा कोनांचं सॉकेट घ्या. बारा कोनांचं नको, ते कोपऱ्यांवरच पकडतं आणि जाम बोल्टचं डोकं गोल करून ठेवतं. तारेच्या ब्रशने डोकं साफ करा, सॉकेट तळापर्यंत बसलंय ना ते पाहा, आणि दांडा ढकलण्यापेक्षा ओढा. अचानक सुटला तर ढकलणाऱ्याची बोटं चाकाच्या कमानीवर आपटतात. सोडवायला टॉर्क पाना (ठरावीक टॉर्कला आवळण्याचा पाना) वापरू नका, त्याचं मोजमाप बिघडतं.

प्रश्न : गाडी नुसत्या जॅकवर असताना लांब दांड्याने जोर लावला तर चालेल?

नाही. दोन्ही बाजूंना स्टँड, जमिनीवरच्या चाकांना गुटके, आणि चाकांचे नट गाडी उचलण्याआधीच सैल केलेले.

प्रश्न : डब्ल्यूडी-४०, रॉकेल, डिझेल, थंड पेय, अ‍ॅसिटोनमध्ये गिअर ऑइल… नेमकं काय मारायचं?

आट्यांत झिरपणारं म्हणून विकलं जाणारं कुठलंही चांगलं पेनिट्रेटिंग ऑइल. डब्ल्यूडी-४० चा मूळ निळा-पिवळा डबा पाणी हटवण्यासाठी बनला. हलक्या गंजावर चालतो, हट्टी बोल्टसाठी त्याच कंपनीचं पेनिट्रंट वेगळं मिळतं. थंड पेयाचा विषय सोडून द्या. अ‍ॅसिटोनच्या मिश्रणाचं कौतुक खूप ऐकू येतं, पण सांगणारे नेमकं मूळ विसरतात : त्यात ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल असतं, गिअर ऑइल नव्हे. शिवाय अ‍ॅसिटोन भराभर उडतो आणि झटकन पेट घेतो. घरी ढवळत बसू नका.

तेलापेक्षा वेळ महत्त्वाचा. फवारल्यावर दोन मिनिटांत पाना लावणारे वैतागतात यात नवल नाही. आट्यांचं टोक मागून दिसत असेल तर तिथूनही मारा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, डोक्यावर हातोडीचे नेटके ठोके द्या, पुन्हा मारा. जमलं तर रात्रभर राहू द्या. नंतर आधी किंचित आवळा, मग सोडवा. आवळताना गंजाची पकड फुटली की ‘कट्’ असा आवाज येतो. सुटल्यावरही एका दमात बाहेर काढू नका. अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत.

डिस्कवर किंवा पॅडवर तेल उडालं तर डिस्क ब्रेक क्लीनरने धुता येते. तेल प्यायलेले पॅड धुऊन सुधारत नाहीत, ते टाकून द्या.

प्रश्न : स्लाइड पिनचा (जिच्यावर कॅलिपर सरकतं ती पिन) बोल्ट सोडवताना पिनही सोबत फिरते.

पिनच्या चपट्या कडांवर पातळ फिक्स पाना धरून ठेवा, आणि मग बोल्ट फिरवा.

प्रश्न : गॅसच्या बर्नरने बोल्ट लाल केला की तो लोण्यासारखा सुटतो असं ऐकलं. घरी करून पाहू का?

करू नका. उष्णतेने बोल्ट सुटतात हे खरं आहे. कडक लॉकिंगचा लेपही साधारण २५० अंशांना नरम पडतो. पण गंजका नट मोकळ्या बाकावर तापवणं वेगळं आणि ब्रेकजवळ ज्योत नेणं वेगळं. कारणं नीट वाचा, कारण ऐकीव सल्ल्यात ही कोणी सांगत नाही.

पहिलं कारण ब्रेक क्लीनर. काम सुरू करताना बहुतेक जण सगळा भाग क्लीनरने धुतात. काही क्लीनरमध्ये टेट्राक्लोरोएथिलीनसारखी क्लोरीनयुक्त द्रावणं असतात. ज्योत किंवा लालबुंद धातू लागला की त्यांतून हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीन हे वायू तयार होऊ शकतात. फॉस्जीनची कपट अशी की सुरुवातीला थोडा खोकला येतो, मग बरं वाटतं, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागतं. चुकून असं झालं असेल तर लगेच मोकळ्या हवेत या आणि ठीक वाटत असलं तरी तातडीने रुग्णालय गाठा. क्लीनरचा डबाही सोबत न्या. ‘माझा डबा क्लोरीनविरहित आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नका, तो झटकन पेटणारा असतो.

दुसरं कारण ब्रेक ऑइल. तेही पेट घेतं. बंद कॅलिपरमध्ये ते उकळलं तर दाब वाढतो. बोल्टपासून काही सेंटीमीटरवर रबरी होज, पिस्टनचं सील, पिनची बुटं, बॉल जॉइंटचं आवरण आणि एबीएस सेन्सरची वायर असते. होज बाहेरून ठीक दिसतो आणि आतून करपलेला असतो. तो कधी दगा देईल याचा भरवसा नाही.

तिसरं कारण खुद्द बोल्ट. ब्रॅकेटचे बोल्ट उष्णताप्रक्रिया करून कडक केलेले असतात. लाल केलात की तो कडकपणा गेला. नकल (ब्रॅकेट ज्यावर बसतं तो चाकामागचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर आणखी वाईट, कारण अ‍ॅल्युमिनियम लाल न होताच कमकुवत होतं. स्लाइड पिनच्या बोल्टला तर उष्णता दाखवायचीच नाही, रबरी बूट त्याला खेटूनच असतं.

लांब दांडा, तेल आणि एक रात्र एवढ्याने न सुटलेला ब्रॅकेट बोल्ट वर्कशॉपचं काम आहे. तिथे इंडक्शन हीटर असतो, ज्योतीशिवाय नेमका बोल्ट तापतो. तापवलेला बोल्ट परत बसवू देऊ नका, नवाच मागा.

प्रश्न : ब्लीडिंगचा (ब्रेक ऑइलमधली हवा काढण्याचा) निपल गंजलाय. मोडेल अशी भीती वाटते.

भीती योग्य आहे. निपल पोकळ असतो आणि त्याला जेमतेम दहा न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. ब्रॅकेट बोल्टवरचा जोर इथे आणलात तर तो मोडणारच. मापाचं सहा कोनांचं सॉकेट, बुडाशी पेनिट्रंटचा थेंब, रात्रभर विश्रांती, मग इवलासा आवळून इवलासा सैल. हात जड पडू लागला की थांबा. निपल सुटतो का हे पॅड काढण्याआधी पाहावं, म्हणजे गाडी उघडी पडून राहत नाही.

पेनिट्रंट आत शिरू देऊ नका. खनिज तेलाने ब्रेकची रबरी सीलं फुगतात आणि निकामी होतात. बुड पुसून घ्या आणि निपल उघडल्यावर पहिलं थोडं ऑइल वाहू द्या. आट्यांवर टेफ्लॉन टेपही नको. निपल बंद होतो तो टोकाच्या शंकूवर, आट्यांवर नाही. हा त्रास बहुधा हरवलेल्या रबरी टोपीमुळे आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या ऑइलमुळे होतो. साधारण दोन वर्षांनी ते बदललं असतं तर निपलही हलता राहिला असता. मोडलाच तर कॅलिपर बदलायचं की निपल काढायचा, हे मेकॅनिकला ठरवू द्या.

प्रश्न : डिस्कवरचा छोटा पेच स्लिप झाला.

हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. नाहीच जमलं तर डोकं ड्रिलने उडवा. तो पेच चाक बसेपर्यंत डिस्क जागेवर ठेवतो, खरी पकड चाकाच्या नट-बोल्टची. डिस्क हबला चिकटली असेल आणि तिच्यावर दोन आटेदार भोकं असतील, तर त्यांत बोल्ट (बहुधा आठ मिलिमीटरचे) घालून आळीपाळीने आवळा. मागची डिस्क असेल तर आधी हँडब्रेक सोडा.

प्रश्न : गोल झालेला बोल्ट ‘सेकंदात’ काढणारा एक्स्ट्रॅक्टर संच घ्यावा का?

सर्पिल खाचांचं सॉकेट घ्या, ते डोक्यावर बाहेरून ठोकून बसतं आणि उपयोगी आहे. मोडलेल्या बोल्टला भोक पाडून आत घालायच्या स्वस्त एक्स्ट्रॅक्टरपासून लांब राहा. तो कडक आणि ठिसूळ असतो. आत तुटला की साधं ड्रिल त्याला चाटतही नाही, आणि पाच मिनिटांचं काम मशीनशॉपमध्ये जातं.

प्रश्न : नवीन बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून आणला, मापाला बसतो. चालेल ना?

नाही. लांबी आणि आटे जुळले म्हणजे ताकद जुळली असं नसतं. ब्रॅकेटला बहुतेकदा १०.९ दर्जाचा बोल्ट लागतो आणि दुकानात हाताला लागतो तो ८.८ किंवा त्याहून हलका. पार्ट नंबर सांगून गाडीच्या कंपनीचाच घ्या, आणि मॅन्युअल एकदाच वापरायला सांगत असेल तर जुना टाका. पुन्हा जाम होऊ नये म्हणून आट्यांना अँटी-सीझ फासायची हौस अनेकांना असते. मॅन्युअलमध्ये नसेल तर नको. घर्षण कमी झालं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. स्लाइड पिनला रबराला चालणारं सिलिकॉन ब्रेक ग्रीस लावा, तांब्याचं नव्हे.

प्रश्न : उजवीकडचे पॅड बदलले, डावीकडचा बोल्ट निघाला नाही. आठवडाभर अशी चालवू का?

नको. एकीकडे नवे आणि एकीकडे झिजलेले पॅड असतील तर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढू शकते. जुने पॅड जाडीने शिल्लक असतील तर उजवीकडेही तेच परत बसवा, बोल्ट टॉर्क पान्याने आवळा, गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, आणि हळू थेट वर्कशॉपला न्या. डावीकडच्या बोल्टचं डोकं गोल झालं असेल, तो अर्धवट सैल झाला असेल किंवा पॅड पत्र्यापर्यंत संपले असतील, तर गाडी स्वतः चालवू नका. उचलून न्यायला सांगा.