लेजिटाइम : मृत्युपत्रालाही न जुमानणारा वाटा

प्रश्न : आम्ही मडगावचे. धाकट्याने म्हातारपणी सांभाळलं, म्हणून सगळं त्याच्या नावे करायचं होतं. वकील म्हणतात, 'लेजिटाइम'ला हात लावता येणार नाही. हा काय प्रकार?

वकील बरोबर सांगताहेत. 'लेक्स' म्हणजे लॅटिनमध्ये कायदा. त्यावरून 'लेजिटिमा', कायद्याने राखलेला वाटा. पोर्तुगीज, स्पॅनिशमध्ये शब्द जवळपास तसाच राहिला. सम्राट जस्टिनियनने इ. स. 536 मध्ये हा वाटा वाढवला : चारपर्यंत मुलं असतील तर वारशाचा तिसरा हिस्सा, जास्त असतील तर निम्मा. गोव्यात तो 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आला आणि 2012 च्या गोव्याच्या वारसा कायद्यातही टिकला.

हिशेब असा. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता नवराबायकोची सामाईक. एक कोटीतले पन्नास लाख पत्नीचेच. तुमच्या पन्नासातले पंचवीस मुलांचे लेजिटाइम, ते सगळ्या मुलांत सारखे. उरलेले पंचवीस खुशाल धाकट्याला द्या. मुलाला बेदखल करता येतं, पण कायद्यात दिलेल्या कारणांवरूनच. 'मोठा फोन करत नाही' हे त्यात बसत नाही!

प्रश्न : आमचा मुंबईत फ्लॅट आहे. तो तरी मोकळा?

नाही. गोव्याच्या रहिवाशांच्या राज्याबाहेरच्या मालमत्तेलाही गोव्याचाच वारसा कायदा लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं आहे.

प्रश्न : मुलगी लंडनला असते. तिकडच्या शब्दकोशात हा शब्द दिसतो. म्हणजे तिथेही असंच?

शब्द आहे, वाटा नाही. इंग्लंडमध्ये मृत्युपत्र करणारा मोकळा. उपेक्षित जवळचे लोक 1975 च्या कायद्याखाली न्यायालयात दाद मागू शकतात, इतकंच. स्कॉटलंडमध्ये मात्र 'लेजिटिम' जिवंत आहे : जोडीदार मागे असेल तर मुलांना तिसरा हिस्सा, नसेल तर निम्मा. तोही फक्त जंगम मालमत्तेतून, घर-जमिनीतून नाही. अमेरिकेत फ्रेंच-स्पॅनिश वारशाच्या लुइझियानाने तो ठेवला, पण 1996 पासून 24 वर्षांखालच्या किंवा कायमच्या असमर्थ मुलांपुरता.

प्रश्न : 'लेगसी' आणि हे एकच ना?

मूळ धातू एकच, अर्थ उलटे. 'लेगसी' मृत्युपत्र करणारा आपल्या मर्जीने देतो; लेजिटाइम त्याची मर्जी असो-नसो, मिळतंच. तुमच्या मसुद्यात दोन्हींची सरमिसळ झाली असेल तर नोटरीकडे जाण्याआधीच दुरुस्त करून घ्या.