बदलापूर–फोर्ट की बदलापूर–ठाणे?

प्रश्न : मावशी, मी ३६ वर्षांची. बदलापूर पूर्वेला राहते. ११ वर्षं फोर्टात एका शिपिंग एजंटकडे डॉक्युमेंटेशनचं काम करते. सकाळी सातला घर सोडते, रात्री आठला परत. हातात ४६ हजार येतात. शनिवारीही ऑफिस असतं. मिस्टर अंबरनाथ एमआयडीसीत आहेत, ते सहाला घरी येतात. मुलगी दुसरीत, सासूबाई सांभाळतात. मुलीच्या शाळेच्या डायरीचा फोटो काढून घेते आणि तो गाडीत वाचते. आता ठाण्यात तशाच कामाची ऑफर आलीय, ऑफिस स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. सव्वाआठला निघून साडेसातला घरी येता येईल. पण पगार ३८ हजार. मिस्टर म्हणतात, फ्लॅटचा हप्ता चालू असताना आठ हजार सोडायचे कसे? सासूबाई काहीच बोलत नाहीत. आणि सांगायला लाज वाटते, पण गाडीतला ग्रुप सुटेल याचंही वाईट वाटतंय. महिनाअखेरीस कळवायचंय. काय करू?
— बदलापूरहून एक

उत्तर : ग्रुपपासूनच सुरुवात करते, कारण तिथे तू लाज वाटते म्हणालीस. लाज कसली? लेडीज डब्यातला ग्रुप काय असतो हे त्यातून गेलेल्या बाईलाच कळतं. कुणी भाजी निवडतंय, कुणी दसऱ्याला डब्याला तोरण बांधतंय, कुणाचं डोहाळजेवण चालत्या गाडीत होतंय. घरी जे बोलता येत नाही ते तिथे बोललं जातं. ११ वर्षांच्या मैत्रिणी सुटणं हे खरंच नुकसान आहे, ते हिशेबात धर. पण त्याच्यासाठी फोर्टची नोकरी धरून ठेवू नकोस. मैत्री गाडीबाहेरही टिकवता येते, त्यासाठी थोडे कष्ट घ्यावे लागतील एवढंच.

आता पैसे. मिस्टर आठ हजार मोजतायत, तास मोजत नाहीत. तूच दिलेले आकडे घेऊ. महिन्याचे २५ दिवस धरले, तर आत्ता तू ४६ हजारांसाठी रोज १३ तास घराबाहेर असतेस. म्हणजे तासाला साधारण १४१ रुपये. ठाण्यात सव्वाअकरा तास आणि ३८ हजार, म्हणजे तासाला १३५. पगारात दिसणारा मोठा खड्डा तासावर मोजला की सहा रुपयांचा उरतो. हा कागद मिस्टरांपुढे ठेव. पण बँकेला हप्ता रुपयांतच हवा असतो, तासांत नाही, हेही खरं आहे. म्हणून येत्या पगारातले आठ हजार पहिल्याच दिवशी बाजूला काढा आणि उरलेल्या ३८ हजारांत तुझा वाटा भागतो का ते दोघं मिळून बघा. ओढाताण झाली, तर निदान कुठे झाली ते कळेल.

जे कुणी तुला सांगणार नाही, ते आता सांगते. अंतर निम्म्यावर येतंय, सीएसएमटीपर्यंतचे ६८ किलोमीटर सुटून ३४ उरतायत. पण त्रास निम्मा होईलच असं नाही. आत्ता सकाळी बदलापूरहून सुटणारी गाडी मिळते, संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणारी. दोन्हीकडे खिडकी नाही तरी बसायला मिळतं. अंबरनाथच्या बायका सीटसाठी उलट्या बदलापूरला रिटर्न येतात हे तू रोज बघतेस. ठाण्यात नोकरी धरलीस की संध्याकाळी तुला भरून आलेल्या गाडीत चढायचंय. ठाण्याहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, पण मोजक्या. बसून केलेले पावणेदोन तास आणि एका पायावर उभं राहून केलेली पाऊण तासाची धक्काबुक्की, यातलं शरीराला काय झेपतं, हे फक्त तुलाच ठरवता येईल.

म्हणून आधी करून बघ. मंगळवारी किंवा बुधवारी सीएसएमटीहून नेहमीप्रमाणे गाडीत बस, ठाण्याला उतर आणि मागच्या बदलापूर किंवा कर्जत गाडीत चढून घरी जा. दोन-तीनदा, वेगवेगळ्या वेळेला. चढता आलं नाही तर गाडी सोड. दारात लटकू नकोस, कितीही उशीर झाला तरी. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारातली माणसं खाली पडली आणि जिवानिशी गेली. तुझ्याच लाइनवरची गोष्ट आहे ती. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाने पुढे गर्दी हलकी होईलही, पण त्या भरवशावर आज काही ठरवू नकोस.

ठाण्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे पावसाळा. शीव-कुर्ल्यात पाणी भरलं की फोर्टातली बाई अडकते. अशा वेळी बरेचदा ठाण्याच्या पुढे कल्याणकडे गाड्या चालू असतात. उल्हास नदी फुगली तर इकडचीही लाइन बंद पडते, २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती ती तुला आठवत असेलच. तरी ठाण्याहून घर गाठायची शक्यता फोर्टाहून कितीतरी जास्त. घरी लहान मुलगी असलेल्या बाईला याचं मोल सांगायला नको.

पत्रातली एक ओळ मला खटकली. मिस्टर सहाला घरी येतात. मग डायरी गाडीत फोटोवर तू का वाचतेस? ठाण्याच्या नोकरीने मोकळे होणारे पावणेदोन तास स्वयंपाकघरातच जाणार असतील आणि 'आता लवकर येतेस ना' म्हणून आणखी चार कामं अंगावर पडणार असतील, तर आठ हजार सोडून तुला काय मिळालं? हे होकार देण्याआधी बोलायचं, नंतर नाही. संध्याकाळची पोळीभाजी कोण करणार, मुलीचा अभ्यास कोण घेणार, तू आल्यावर पहिला अर्धा तास तुझा असणार की नाही. सासूबाईंनाही विचार, पण एकटीला गाठून. हो-नाही म्हणायला लावू नकोस. दिवसभर पोरीमागे धावून त्यांचे गुडघे किती दुखतात तेवढंच विचार. त्या गप्प आहेत म्हणजे त्यांना काही म्हणायचं नाही असं समजू नकोस.

माझं मत विचारशील तर ठाणे घे. फोर्टात पुढे बढती किंवा मोठी पगारवाढ दिसत असती, तर 'थांब' म्हटलं असतं. ११ वर्षांत तसं काही घडल्याचं तू लिहिलेलं नाहीस. त्या १३ तासांतून तुला पगाराशिवाय काही मिळत असल्याचं मला तरी दिसत नाही. फक्त दोन ठिकाणी माझं मत बदलेल : संध्याकाळची गर्दी तुला झेपली नाही तर, किंवा घरात कामाची वाटणी झाली नाही तर.

घेतलंस तर पीएफ काढू नकोस, नव्या खात्यात ट्रान्सफर करून घे. पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी झाल्यामुळे ग्रॅच्युइटीही तुझ्या हक्काची आहे, प्रत्येक पूर्ण वर्षाचा १५ दिवसांचा पगार, कायद्यात धरलेल्या वेतनावर. राजीनाम्याबरोबर तिचा अर्ज लेखी दे आणि पोच घे. आणि ठाणेवाल्यांना ३८ वर लगेच हो म्हणू नकोस. ११ वर्षांचा अनुभव आहे, ४२ माग. ते ४० वर आले तरी मिस्टरांच्या आठ हजारांतले दोन भरून निघतील. मागायला संकोच वाटला तर ईमेल कर, चार ओळी पुरतात, पण या आठवड्यात कर.

— मावशी