वोल्टेमाडेची उंची आणि त्याच्या पुढे धावणारे पाय

आपल्या न्यूकॅसल-समर्थकांपैकी ऐरोलीच्या मित्राचा प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या आपल्या न्यूकॅसल क्लबने आघाडीपटू इसाकला विकून साडेसहा फुटी निक वोल्टेमाडेला आणले, म्हणजे आपण पुन्हा अँडी कॅरोल या उंच आघाडीपटूच्या काळातल्या उंच चेंडूंकडे निघालो आहोत का, आणि वोल्टेमाडेची 27 क्रमांकाची जर्सी आत्ताच घ्यावी की थांबावे? त्यावर ठाण्याच्या एका सदस्यांचे म्हणणे असे की, शनिवारी (13 सप्टेंबर 2025) वुल्व्हजविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने डोक्याने गोल केला तेव्हाच चर्चा संपली, आता दोन्ही बाजूंनी क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलासमोर उंच चेंडू, टाकत राहायचे. एकाची शंका आणि दुसऱ्याचा उत्साह ही दोन्ही मला एकाच समजुतीची फळे वाटतात. उंच आघाडीपटू म्हणजे हवेतल्या चेंडूंसाठी घेतलेला माणूस, ही ती समजूत. वोल्टेमाडेच्या बाबतीत ती जवळजवळ उलटी आहे, आणि म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी आकडे पाहा. इसाकची उंची 1.92 मीटर आहे आणि वोल्टेमाडेची 1.98, म्हणजे फरक फक्त सहा सेंटीमीटरचा. तरीही गेल्या तीन हंगामांत इसाकला कोणी ‘उंच आघाडीपटू’ म्हटल्याचे मला आठवत नाही, कारण बचावफळीच्या मागे धावणारा खेळाडू आपल्याला आधी वेगवान दिसतो आणि मग उंच. शिवाय केवळ उंचीच हवी असती, तर ती आपल्याकडे आधीपासून होती. 16 मार्च 2025 रोजी वेम्बलीवर लिव्हरपूलविरुद्धच्या लीग कप अंतिम सामन्यात ट्रिपियरच्या कॉर्नरवर डोक्याने गोल केला तो डॅन बर्न या बचावपटूने, आणि 1955 नंतर प्रथमच देशांतर्गत मोठा चषक घरी आला. कॉर्नर आणि फ्री किकवर उंचीचा उपयोग करून घेणे या संघाला नव्याने शिकवायला नको.

ही समजूत आपल्या भागात इतकी घट्ट का बसली आहे, याचे एक कारण टर्फ हे असावे. घोडबंदर रस्त्यापासून नेरुळपर्यंत आपण जिथे खेळतो, तिथे बहुतेक ठिकाणी डोक्यावर जाळी असते आणि मैदान इतके लहान असते की मागे धावायला जागाच उरत नाही. मग संघातल्या सर्वांत उंच मुलाला गोलाकडे पाठ करून उभे केले जाते आणि चेंडू अडवून धरणे एवढेच काम त्याच्याकडे येते. पूर्ण मैदानावर अकरा जणांच्या खेळात उंच खेळाडू काय काय करू शकतो, हे आपल्याला मुख्यतः पडद्यावरच दिसते, आणि तिथेही समालोचक तीच उंची पुन्हा पुन्हा सांगत राहतात.

वोल्टेमाडेचा आजवरचा प्रवास पाहिला तर तो मूळचा हवेतला खेळाडू नाही, हे लक्षात येते. वेर्डर ब्रेमेनमध्ये वाढलेला हा मुलगा 2022-23 मध्ये उसनवारीवर एल्फर्सबर्गकडून जर्मनीच्या तिसऱ्या विभागात खेळला, तो संघ वर चढला, आणि 2024 मध्ये स्टुटगार्टने त्याला एक पैसाही हस्तांतरण शुल्क न देता घेतले. सुरुवातीला चॅम्पियन्स लीगच्या यादीतही त्याचे नाव नव्हते. त्याच हंगामाच्या शेवटी त्याच्या नावावर बुंडेसलीगाचे 12 गोल होते, जर्मन कपच्या अंतिम सामन्यात बीलेफेल्डविरुद्ध पहिला गोल त्याचा होता, आणि त्यानंतर 21 वर्षांखालील युरो स्पर्धेत सहा गोल करून तो सर्वाधिक गोल करणारा ठरला. बायर्नने त्याच्यासाठी उन्हाळाभर प्रयत्न केले. स्टुटगार्टचे त्या काळातले सामने पाहिलेत तर दिसेल की तो सतत मागे, मध्यफळीच्या जवळ येऊन पायावर चेंडू मागतो, एका स्पर्शात वळतो, दोघांच्या मधून चेंडू काढतो आणि मग स्वतः गोलासमोरच्या पेटीत पोहोचतो. लांब पायांमुळे त्याच्याकडून चेंडू हिसकावणे कठीण जाते. त्याच्या उंचीचा खरा फायदा मला तिथे दिसतो, जमिनीवर.

आता कॅरोलकडे येऊ, कारण भीती त्याच्याच नावाने व्यक्त झाली आहे. जानेवारी 2011 मध्ये लिव्हरपूलने त्याला आपल्याकडून साडेतीन कोटी पौंडांना घेतले, त्याला चेंडू पुरवण्यासाठी त्याच उन्हाळ्यात स्ट्युअर्ट डाउनिंगला विकत घेतले, आणि डाउनिंगने 2011-12 च्या संपूर्ण लीग हंगामात एकही गोल केला नाही आणि एकाही गोलासाठी पास दिला नाही. कॅरोलचे लिव्हरपूलसाठी 44 लीग सामन्यांत सहा गोल झाले. दोष फक्त त्याचा होता असे मी कधीच मानले नाही. सुआरेझसारखा जमिनीवरून खेळणारा खेळाडू शेजारी असताना संघ दोन वेगवेगळ्या दिशांना खेळत होता आणि कॅरोल त्यांपैकी एकाच दिशेला उपयोगाचा होता. ठाणे लोकलमध्ये उंच माणसाचा हात कडीपर्यंत सहज पोहोचतो हे खरे, पण पाय ठेवायला जागा त्यालाही लागतेच. लिव्हरपूलने कडी पाहिली, जागा पाहिली नाही.

माझ्या मते कॅरोलपेक्षा ख्रिस वुडचे उदाहरण आपल्याला जास्त शिकवते, आणि ते आपल्याच घरातले आहे. जानेवारी 2022 मध्ये त्याला बर्नलीकडून सुमारे अडीच कोटी पौंडांना आणले, तेव्हा आपण खालच्या तिघांत होतो. उरलेल्या हंगामात त्याने 17 लीग सामन्यांत दोन गोल केले, आणि वर्षभरात तो नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेला. तोच वुड, वयाच्या तिशीनंतर, 2024-25 मध्ये फॉरेस्टकडून लीगमध्ये 20 गोल करून बसला. माणूस तोच, पेटीतली चालही तीच. फरक असा की फॉरेस्टमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळ्या मैदानात सुसाट धावणारे विंगर, म्हणजे कडेचे आघाडीपटू, होते आणि चेंडू हिरावून घेताच तो लगेच पुढे पाठवला जात असे. त्या विंगरांपैकी एक, अँथनी एलांगा, ज्याने त्या हंगामात गोलासाठीचे 11 पास दिले, तो या उन्हाळ्यात आपल्याकडे आला आहे. वोल्टेमाडेच्या खरेदीकडे पाहताना सर्वांचे लक्ष त्याच्या डोक्याकडे आहे. माझे लक्ष एलांगाच्या पायांकडे आहे.

कारण इसाक गेल्याने जे हरवले आहे, ते नुसते लीगमधले 23 गोल नाहीत. तो बचावफळीच्या मागे धावायचा, त्यामुळे समोरचे दोन सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, दहा-पंधरा पावले मागे सरकून उभे राहायचे, आणि त्या मोकळ्या जागेत आपले मध्यफळीतले ब्रुनो गिमाराइश व टोनाली चेंडू घेऊन वळायचे. वोल्टेमाडे मागे येतो तेव्हा तोच सेंटर बॅक त्याच्याबरोबर पुढे येतो. त्याच्या मागे जागा तयार होते, पण त्या जागेत त्याच क्षणी दुसरे कोणी धावले नाही, तर आपला संपूर्ण संघ चेंडूच्या मागे राहतो आणि गोलासमोर आपला एकही माणूस उरत नाही. म्हणून गॉर्डन, बार्न्स आणि एलांगा यांना आता आपापल्या कडेला थांबून क्रॉस देण्यापेक्षा आत, गोलाच्या दिशेने धावावे लागेल. प्रशिक्षक एडी हाऊंना आघाडीच्या तिघांचीही सवय बदलावी लागेल, आणि हे काम एका आठवड्याच्या सरावात होत नाही.

2018 च्या विश्वचषकात फ्रान्सच्या ऑलिव्हिए जिरूने स्पर्धाभर गोलाच्या दिशेने एकही अचूक फटका मारला नाही आणि फ्रान्स विजेता ठरला; एम्बापे आणि ग्रीझमन यांनी प्रत्येकी चार गोल केले. तेव्हा जिरूची यथेच्छ टिंगल झाली होती. वोल्टेमाडे त्याच्याहून कितीतरी जास्त गोल करेल असे मला वाटते, पण त्याच्या कामाचा काही भाग असाच दुसऱ्याच्या गोलात जमा होणार आहे, हे आत्ताच मान्य करून ठेवलेले बरे.

आता शनिवारचा गोल. जेकब मर्फीने उजवीकडून दिलेला क्रॉस वोल्टेमाडेने डोक्याने मारला, आपण 1-0 ने जिंकलो, आणि उत्तरार्धात पायांत गोळे आल्याने तो बाहेर गेला. त्याआधीच्या तीन लीग सामन्यांपैकी व्हिला आणि लीड्सविरुद्ध आपल्याला गोलच करता आला नव्हता, त्यामुळे आनंद होणे साहजिक आहे; साडेसातला सुरू झालेला सामना संपल्यावर मीही शेजाऱ्यांना त्रास होईल इतका आवाज केला. मर्फीने गेल्या हंगामात लीगमध्ये गोलासाठीचे 12 पास दिले आहेत, तेव्हा असे गोल आणखी होतील, आणि ते व्हावेतही. पण ठाण्याच्या सदस्यांनी म्हटल्याप्रमाणे तोच मुख्य मार्ग ठरवला, तर प्रतिस्पर्धी पाच जणांची बचावफळी पेटीत लावतील, दोन धिप्पाड सेंटर बॅक वोल्टेमाडेला चिकटवतील, आणि त्याचे सर्वांत चांगले गुण वापरलेच जाणार नाहीत.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे, ती म्हणजे प्रेसिंगची. हाऊंचा संघ चेंडू गमावताच पुढून दाब टाकतो आणि त्या दाबाची सुरुवात मधल्या आघाडीपटूने करायची असते. वोल्टेमाडे आळशी नाही, पण त्याला दिशा बदलायला वेळ लागतो, आणि इंग्लंडमध्ये सामन्याचा वेग 60 मिनिटांनंतरही उतरत नाही. शनिवारचे गोळे मला त्याचीच पहिली खूण वाटली. आघाडीपटू योआन विस्साला वोल्टेमाडेच्या पाठोपाठ ब्रेंटफोर्डकडून घेतले ते मला म्हणूनच पटले होते; मागे धावणे आणि दाब टाकणे ही दोन्ही कामे तो करतो. दुर्दैवाने तो डीआर काँगोकडून खेळताना गुडघा दुखावून बसला आहे, आणि तो परत येईपर्यंत वोल्टेमाडेवर गरजेपेक्षा जास्त मिनिटांचा भार पडणार आहे.

संयमाबद्दल एकच उदाहरण देतो. उंच आघाडीपटू पीटर क्राउच 2005 मध्ये लिव्हरपूलला गेला आणि त्याचा पहिला गोल थेट डिसेंबरमध्ये, विगनविरुद्ध आला. मधल्या महिन्यांत त्याच्या उंचीवर झालेले विनोद आजही अनेकांना पाठ आहेत. मार्च 2007 मध्ये त्याने आर्सेनलविरुद्ध डोके आणि दोन्ही पाय वापरून हॅटट्रिक केली. वोल्टेमाडेचा पहिला गोल पहिल्याच सामन्यात आला, त्यामुळे त्याला विनोदांपासून थोडी सवलत मिळाली आहे, पण सुमारे साडेसहा कोटी पौंड ही क्लबच्या इतिहासातील सर्वांत मोठी खरेदी असल्याने ही सवलत फार काळ टिकणार नाही.

गुरुवारी (18 सप्टेंबर) रात्री, म्हणजे आपल्याकडे शुक्रवार लागल्यावर साडेबाराला, आपल्या सेंट जेम्स पार्क मैदानावर चॅम्पियन्स लीगमध्ये बार्सिलोनाशी सामना आहे. (2017 मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 17 वर्षांखालील विश्वचषकाचा स्पेन-माली उपांत्य सामना पाहिलेल्यांना त्यांच्या फेरान टोरेसची ओळख असेलच. त्या रात्री त्यानेही गोल केला होता.) बार्सिलोनाचे प्रशिक्षक फ्लिक यांची बचावफळी जवळजवळ मध्यरेषेवर उभी राहते. वोल्टेमाडेला संधी मिळाली, तर चेंडू त्याच्याकडे येत असताना कृपया त्याच्याकडे पाहू नका. पाहा ते त्याच्या डावी-उजवीकडे. गॉर्डनला मिळालेले लाल कार्ड देशांतर्गत स्पर्धेतले असल्यामुळे त्याची बंदी युरोपात लागू नाही आणि तो हा सामना खेळू शकतो. तो आणि दुसरा विंगर, चेंडू वोल्टेमाडेच्या पायाला लागण्याआधीच धावायला लागले असतील, तर सरावात योग्य दिशेने काम चालू आहे असे समजा, निकाल काहीही लागो. ते दोघे कडेला उभे राहून त्याच्या वळण्याची वाट पाहत असतील, तर ऐरोलीच्या मित्राची भीती अजून खोटी ठरलेली नाही.

जर्सीचे म्हणाल, तर घ्या, थांबू नका; 9 क्रमांक विस्साकडे गेलेला असल्यामुळे 27 पुढच्या वर्षी बदलण्याची शक्यता मला कमी वाटते. फक्त नाव छापून घेताना दुकानदाराला अक्षरे कागदावर लिहून द्या, कारण हे नाव लांब आहे आणि एकदा चिकटवलेले अक्षर काढले की कापडावर डाग राहतो.